‘खाजन’मधला न

मनस्वी भोईर ही बाई मला पहिल्या दिवशी अजिबात आवडली नव्हती. आमचा वृंदगानाचा गट नेरूळमध्ये आमच्याच सोसायटीच्या क्लबहाउसात रविवारी दुपारी जमतो. आधीचे दिग्दर्शक मुलाकडे परदेशी राहायला गेले आणि त्यांच्या जागी ही आली. वय पस्तिशीच्या आसपास, अंगात चुरगळलेला खादीचा कुडता, हातात दिग्दर्शकाच्या दांडीऐवजी साधी पेन्सिल. आम्ही बहुतेक सगळे निवृत्त, बँका, विमा कंपन्या आणि शाळांमधून सुटलेले, मुंबईतल्या दोन खोल्या विकून इथे खिडकीतून झाड दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये आलेले. आमचं नेहमीचं प्रार्थनागीत तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. तुमच्यापैकी कोणी शेजारच्याचं ऐकत होतं का?"

कोणीच ऐकत नव्हतं. ऐकायचं असतं हेच आम्हांला ठाऊक नव्हतं. मला असा राग आला की पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

चार आवाजांत गाणं म्हणजे काय, हे आपल्या माणसांना समजावणं कठीण आहे. आपल्याकडे गाणं म्हणजे एक चाल, आणि ती सगळ्यांनी मिळून म्हणायची, आरतीसारखी. इथे बायकांचे दोन गट, पुरुषांचे दोन गट, चार गटांच्या चार वेगळ्या चाली आणि त्या एकाच वेळी. वरच्या पट्टीतल्या बायका सोप्रानो, खालच्या आल्टो; पुरुषांत वरचे टेनर, खालचे बास. मी आल्टो. आल्टोच्या वाट्याला मुख्य चाल कधी येत नाही. दुसऱ्यांचं गाणं नीट उभं राहावं म्हणून मधल्या मध्ये टेकू द्यायचा. एकत्र कुटुंबात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

मनस्वी शिरवण्याची. शिरवणे हे नेरूळच्या पोटातलं मूळ गाव. आमचे सेक्टर आखले गेले त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ते तिथेच आहे, आणि आम्ही तिथे जातो ते मासळी आणायला, नाहीतर रिक्षावाल्याने आतून रिक्षा घातली तर. तिचे वडील कमळाकर लहानपणी भातशेतीत राबले. पुढे शेती नव्या शहरासाठी गेली, काही वर्षांनी, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परत देण्याच्या योजनेतला प्लॉट हातात आला, त्यावर इमारत उभी राहिली आणि शेतकऱ्याचा घरमालक झाला. पोरगी वाशीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत होती, तिथल्या क्वायरमध्ये गात होती. तिने पियानो मागितला. बापाने कुठूनसा जुना पियानो टेम्पोत घालून आणला, चार भाडेकरूंना हाताशी घेतलं आणि जिन्याचा कठडा कापून तो वर चढवला. कठडा अजून तसाच आहे. मनस्वी पियानोच्या परीक्षा देत गेली, स्वरलिपी शिकली, मुंबईतल्या दोन-तीन मोठ्या गटांतून गायली, आणि आता करंजाड्याच्या एका शाळेत मुलांना गाणं शिकवते.

ही सगळी माहिती मला तिच्याकडूनच मिळाली, आणि तीही भांडता भांडता. आमची मैत्री भांडणातच झाली. मी म्हणायचे, "तू फार ताणतेस." ती म्हणायची, "काकू, तुम्ही फार लवकर सोडता."

तिने आमच्यासाठी स्वतः एक रचना लिहिली. नाव ‘खाजन’. खाडीच्या पाण्याला मातीचा बांध घालून, खारवट जमीन धुऊन काढून जी भातशेती करतात तिला खाजण म्हणतात. हे पुस्तकातलं झालं. शिरवण्यात तिला खाजन म्हणतात. आगरी बोलीत ण नाही, न आहे. पाणी तिथे पानी, लोणी लोनी, आण म्हणजे आन. शब्द तिने बोलीतच ठेवले होते, आणि संगीतही तिथूनच उचललं होतं.

ते कसं, हे कळावं म्हणून तिने आम्हां आल्टोंना एकदा घरी बोलावलं. बाकीच्यांना ऐनवेळी कामं निघाली, मी एकटी गेले. तिची आई, गोजराताई, गावात धवले गातात. आगरी लग्नात विधी कुठलाही असो, त्यासोबत बायकांचे धवले असतात. एकजण ओळ सोडते आणि बाकीच्या उचलतात. गोजराताईंनी मला दारातच गाठलं. "या णा, मॅडम. बसा णा. चहा घेणार णा?" मी जरा गोंधळले. मग त्या आत वळून मुलीला म्हणाल्या, "मनू, पानी दे गो त्यांना," आणि माझ्या लक्षात आलं. माझ्यासारख्या सेक्टरातल्या बाईशी बोलताना त्या प्रत्येक ‘न’ पकडून त्याचा ‘ण’ करत होत्या. कुठला बरोबर आणि कुठला चूक हे ठरवत बसण्यापेक्षा सगळेच बदललेले बरे, असा त्यांचा हिशेब असावा.

शेजारच्या तिघी आल्या, जमिनीवर बसल्या आणि गायल्या. गाताना मात्र त्या कोणाच्याच बापाला घाबरत नव्हत्या. गोजराताई ओळ टाकत आणि बाकीच्या ती उचलत, पण सगळ्या एका स्वरावर येत नसत. एक अगदी किंचित वर, एक किंचित खाली, एक थोडी मागून. त्यामुळे आवाज जाड व्हायचा, रुंद व्हायचा, खोलीत मावायचा नाही. मनस्वीने मला सांगितलं की अगदी लगतचे दोन स्वर एकत्र धरून ठेवायचे, एकमेकांना घासू द्यायचे, हे तिला संगीताच्या वर्गात आधुनिक तंत्र म्हणून शिकवलं गेलं. "मी वर्गात हसले. सरांना वाटलं मला कळलं नाही. मला म्हणायचं होतं, हे माझी आई हळदीला करते."

मला सोडायला ती नाक्यापर्यंत आली. तिथे बेकरीसमोर उभी राहून तिने मला ती शाळेची गोष्ट सांगितली. चौथीत असताना मराठीच्या बाईंनी तिला ‘पानी’ म्हटल्यावर वर्गासमोर उभं केलं होतं. घरी येऊन तिने ठरवलं की आता चूक होऊ द्यायची नाही. आठवडाभर तिने आरशासमोर जीभ उलटी करायची सवय केली. मग वक्तृत्व स्पर्धा आली. ती स्टेजवर गेली आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाली, "णमस्कार. माझे णाव मणस्वी कमळाकर भोईर."

"सगळी शाळा हसली," ती म्हणाली. "बाईपण हसल्या. काकू, मी आज पियानोवर काहीही वाजवीन, पण कोणापुढे ‘पाणी’ म्हणायच्या आधी मला अजून थांबावं लागतं. विचार करावा लागतो. पाण्याचा विचार करावा लागतो मला."

मला तिथेच, बेकरीपुढे, त्या अनोळखी बाईंचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.

‘खाजन’चे तीन भाग आहेत. पहिला भाग ओहोटीचा. बासवाले ओठ मिटून एक खालचा स्वर धरतात, आणि त्यावर बायका अगदी सावकाश, एकेक करून आत येतात. काही घडत नाही. चिखल उघडा पडतो, एवढंच. आमच्यातले काही जण पहिल्यांदा वैतागले होते की यात चाल कुठे आहे. दुसरा भाग बांध फुटण्याचा. उधाणाला बांधाला भगदाड पडलं, म्हणजे खांड गेली, की गावात आरोळी व्हायची आणि हातातलं टाकून सगळे धावायचे. बायका गातात, "खांड गेली, खांड गेली." पुरुष उत्तर देतात, "माती आन, पेंढा आन." वेग वाढत जातो, शब्द एकमेकांवर आदळतात, आणि प्रत्येक "आन" हातोडीच्या घावासारखा थांबतो. तिसऱ्या भागात पुरुष एकाच कोरड्या स्वरावर म्हणत राहतात, "सेक्टर आठ. सेक्टर दहा. सेक्टर बारा." त्याखाली बायका शेतांची जुनी नावं गातात: वाकडी, मोठी खार, आंब्याखालची. शेवटी पुरुषांचे आकडे संपतात आणि चारी आवाज मिळून एकच शब्द उरतो, खाजन. त्यातला शेवटचा ‘न’ धरून ठेवायचा. त्या ‘न’वर चारी आवाज लगतच्या स्वरांवर असतात, धवल्यांतल्या बायकांसारखे.

आमच्यातले स्वानंद साठे टेनर. शास्त्रीय शिकलेले, आवाज खरोखर सुंदर आणि त्याची त्यांना पुरेशी जाणीव. ते म्हणाले, "हे बेसूर वाटतंय, मॅडम."

"तुम्हांला तसं वाटायला हवं," मनस्वी म्हणाली. "पण सोडू नका. दुसरा स्वर घासतोय म्हणून आपला सोडायचा नाही."

बोलीचा त्रास वेगळा होता. आम्ही फ्लॅटमधली माणसं ‘पानी आलं’ म्हणायला लागलो की आपोआप टीव्हीवरच्या विनोदी पात्रासारखं म्हणायचो, नाकातून, हेल काढून. एकदा अख्खा टेनर गट हसत सुटला. मनस्वीने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही कोणाची नक्कल करताय? ज्याची करताय त्याला तुम्ही कधी भेटलेले नाही. करायचीच तर माझी करा, मी समोर उभी आहे." नंतर कोणी हसलं नाही. मी तर त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरात तासभर "आन, आन" करत होते आणि आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं की काय आणू.

आता देवस्थळी सरांकडे यायला हवं. श्यामसुंदर देवस्थळी आमच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाले. भला माणूस. कोणाच्याही आजारपणात पहिला दारात हजर. पण भाषेच्या बाबतीत कोणाची गय नाही. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर आत जाऊन मालकाला सांगणार, आणि महिनाभराने परत जाऊन पाटी बदलली की नाही ते बघणार. मंडळाचा वर्षातला मोठा कार्यक्रम फेब्रुवारीत, मराठी भाषा दिनाला, वाशीच्या सभागृहात. त्यात ‘खाजन’ पहिल्यांदा व्हायचं ठरलं. कार्यक्रमाच्या पुस्तिकेचा मसुदा सरांनी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला आणि मी चष्मा लावून पुन्हा वाचला. खाजनचं खाजण झालं होतं. ‘पानी’चं ‘पाणी’, ‘आन’चं ‘आण’, ‘हाय’चं ‘आहे’. सगळं कसं इस्त्री करून.

मनस्वीने उत्तर लिहिलं, "सर, शब्द मूळचेच ठेवा." सरांनी लिहिलं, "रविवारी येतो. समोरासमोर बोलू."

ते आले, नेहमीसारखे वेळेआधी, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी सगळी रचना ऐकली आणि मनापासून टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "मनस्वीताई, काम उत्तम आहे. म्हणूनच सांगतो. भाषा दिनाच्या व्यासपीठावरून हे अशुद्ध जाऊ शकत नाही. लोकांना वाटेल छपाई चुकली. समोर शाळेची मुलं बसलेली असतील. उद्या ती निबंधात ‘पानी’ लिहितील, आणि त्यांना नापास करणाऱ्या बाईंना मी काय तोंड दाखवू?"

"बोली अशुद्ध नसते, सर."

"घरात नसते. व्यासपीठावर प्रमाण भाषाच हवी. हा माझा आग्रह चाळीस वर्षांचा आहे."

मनस्वी आमच्याकडे वळली. "सरांच्या पद्धतीने शेवट गाऊ. ण ने."

आम्ही गायलो. तुम्हीही करून बघा. खाजण म्हणा आणि शेवटचा ण धरून ठेवा. ण उच्चारायला जीभ मागे वळवून टाळ्याला लावावी लागते. ती तिथून सुटली की अक्षर संपतं, आणि तशीच दाबून ठेवली तर आवाज मागच्या मागे कोंडतो. ‘न’चं तसं नाही. जीभ दातांमागे टेकली की ती तिथे निवांत बसते आणि स्वर नाकातून, कपाळातून मोकळा वाहतो. त्या दिवशी आमचा शेवटचा स्वरसमूह असा विझला की बासवाले देशमुख खोकायलाच लागले.

मला वाटलं, संपला वाद. पण देवस्थळी सर म्हणजे देवस्थळी सर. ते शांतपणे म्हणाले, "मग स्वर बदला. संगीत तुमचं आहे, तुम्ही बदलू शकता. भाषा मी बदलू शकत नाही."

"मीही नाही बदलू शकत," मनस्वी म्हणाली.

दोघंही हसले नाहीत. शेवटी सरांनी आपला निर्णय सांगितला. गाताना आम्ही काय गायचं ते आमच्या विवेकावर. पण पुस्तिकेत आणि निवेदनात खाजण असंच येईल. तो मंडळाचा नियम आहे. मनस्वी म्हणाली, "पुस्तिका तुमची. पण स्टेजवर माझ्या रचनेचं नाव चुकीचं घेतलं तर मी हात उचलणार नाही. आणि मी हात उचलल्याशिवाय यांच्यातलं कोणी गाणार नाही."

सरांना ती धमकी वाटली नसावी. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि गेले.

त्या आठवड्यात स्वानंद साठे गटातून बाहेर पडले. त्यांना भांडणात रस नव्हता, शिवाय त्यांचं स्वतःचं नाट्यगीत त्याच कार्यक्रमात होतं. टेनरमध्ये उरले दोघं. अजून काही जण कुजबुजत होते की एका अक्षरापायी एवढा तमाशा कशाला. मी त्यांना म्हटलं, तुमच्या आडनावातलं एक अक्षर बँकेने बदललं तर तुम्ही मॅनेजरच्या टेबलावर चढून बसाल. कुजबुज थांबली नाही, पण माझ्यासमोर थांबली.

खरा दणका तिला घरातून बसला. गोजराताईंनी पुस्तिकेबद्दल ऐकलं आणि त्यांना देवस्थळी सरांचंच पटलं. मनस्वी मला फोनवर सांगत होती. आई म्हणाली होती, "मोठ्या लोकांत आपली बोली कशाला नेतंस? हसतील, पोरी. तुना हसतील, मना हसतील. ते मास्तर बोलतात तसं शुद्ध गा." आणि वर हेही, की तसं नसेल तर मी कार्यक्रमाला येणार नाही.

"सगळ्या जगाशी भांडेन, काकू," मनस्वी म्हणाली. "पण जिच्या तोंडून घेतलं तिलाच लाज वाटत असेल तर मी हे गाणं कोणासाठी गाऊ?"

मी खोटं धीराचं बोलले नाही. म्हटलं, "बाई, तू रविवारी ये. आम्हांला ‘न’ नीट येत नाहीये अजून." ती आली.

भाषा दिनाला सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत देवस्थळी सर, मंडळाचे सभासद, गेल्या वर्षीचे पुरस्कारवाले. मागे शाळेची मुलं. आम्ही विंगेत उभे होतो तेव्हा मनस्वी पडद्याच्या फटीतून बघत होती, आणि ती एकदम मागे सरली. डावीकडच्या कडेच्या रांगेत गोजराताई बसल्या होत्या. शिरवण्याच्या सात-आठ बायका घेऊन आल्या होत्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, मांडीवर पर्स घट्ट धरून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या. लेकीचा कार्यक्रम चुकवणं त्यांना जमलं नव्हतं, एवढंच. त्या खुशीत दिसत नव्हत्या.

आम्ही ओळीने स्टेजवर गेलो. मनस्वी आमच्याकडे तोंड करून, प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. निवेदनाला स्नेहल नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिने कागद बघून छान स्वच्छ आवाजात सांगितलं, "आता ऐकू या, मनस्वी भोईर यांची वृंदरचना, ‘खाजण’."

मनस्वीचे हात खालीच राहिले.

स्नेहलला वाटलं माइक बंद आहे. तिने माइकवर टिचकी मारली आणि पुन्हा, जरा मोठ्याने, सांगितलं. ‘खाजण’. हात खालीच. मागे मुलांमध्ये खसखस पिकली. मी मनस्वीचा चेहरा बघत होते. तिची नजर आमच्यावरून हलत नव्हती. मग ती वळली.

"नाव चुकलं," ती म्हणाली. माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

स्नेहल गोंधळली. "मॅडम, इथे तसंच लिहिलंय."

देवस्थळी सर जागेवरून उठले. "मनस्वीताई, हे नंतर बोलू. वेळ होतोय. सुरू करा."

"नाव बरोबर घेतलं की लगेच सुरू करते, सर."

"ते बरोबरच घेतलंय. शुद्ध आहे."

माझ्या शेजारच्या कुमुदने माझा पदर घट्ट धरला होता. मला तेव्हा वाटलं की आता पडदा पडेल, आम्ही एकही स्वर न लावता खाली उतरू, आणि ही बाई उतरेल पण नाव सोडणार नाही. आणि खरं सांगते, त्या क्षणी मीही उतरायला तयार होते.

डावीकडे खुर्ची वाजली. गोजराताई उभ्या राहिल्या होत्या. शेजारणीने त्यांचा हात ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला. त्या बोलल्या, आणि त्यांच्या बोलण्यात एकही ‘ण’ नव्हता.

"खाजन," त्या म्हणाल्या. "आमी खाजन बोलताव. माज्या पोरीनं बराबर लिवलाय." त्या स्नेहलकडे बघत नव्हत्या, सरांकडे बघत होत्या. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं. पन ती जमीन आमची होती. ती गेली, आमी काय नाय बोललो. आता तिचं नाव पन तुमीच सांगनार काय?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं ते नव्हतं. सर उभेच होते. स्नेहलने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडे, मग कागद खाली घेतला आणि माइकमध्ये म्हणाली, "खाजन." जीभ दातांना लावून, अगदी जपून.

"हे बरोबर नाही," देवस्थळी सर म्हणाले, आणि खाली बसले. मतं काय अशी भर सभागृहात उभ्या उभ्या बदलत नसतात.

मनस्वी आमच्याकडे वळली. तिचे हात वर आले. गोजराताई अजून उभ्याच होत्या. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, "आजी, बसा ना, दिसत नाहीये."

"नाय बसाची," त्या म्हणाल्या.

बासचा खालचा स्वर सुरू झाला. ओहोटी लागली. आम्ही एकेक करून आत शिरलो. बांध फुटला तेव्हा दोनच टेनर होते, आणि त्या दोघांनी "माती आन" असं काही ओरडून म्हटलं की साठ्यांची आठवण कोणालाच झाली नाही. सेक्टरचे आकडे आले आणि सभागृहात थोडी चुळबुळ झाली. तिथे बसलेला प्रत्येक जण त्यातल्याच कुठल्या तरी आकड्यात राहत होता. मीही राहते. त्याखालून आम्ही बायकांनी नावं गायली. मोठी खार म्हणताना मला कडेच्या रांगेत ओठ हलताना दिसले.

मग आकडे थांबले आणि तो एक शब्द आला. चारी आवाज एकमेकांना घासत ‘न’वर येऊन टेकले. तालमीत मनस्वी हा स्वर आमचा दम संपेपर्यंत ठेवायची आणि मग मूठ मिटून तोडायची. त्या दिवशी तिने मूठ मिटली नाही. मी श्वास घेतला तेव्हा कुमुदने धरून ठेवलं, कुमुदने घेतला तेव्हा मी. पुढच्या रांगेत कोणीतरी घड्याळ बघितलं, विंगेतून पुढचे कलाकार डोकावले, आणि स्वर चालूच होता. तिचे हात खाली येत नव्हते, आणि तिने सांगितल्याशिवाय आम्ही तो ‘न’ सोडणार नव्हतो.